शेवटचा फर्मा

शाळा तिने आठवीतच सोडली, तेव्हापासून बाइंडिंगच्या कारखान्यात. सोळा पानांचा एक छापील कागद म्हणजे एक फर्मा. घडी घालायची, वरून पट्टी ओढायची, पुढे सरकवायचा. वाचायचं नाही. वाचलं की हात थांबतो आणि मुकादमाचं तोंड सुटतं. तिचंही सुटतं म्हणा. गल्लीत तिला 'वादळ' म्हणतात ते काय उगाच?

पण त्या मंगळवारी हात थांबलाच. फर्म्यावरच्या गोष्टीत एक घड्याळजी होता. खिडकीपाशी बसलेला, कमरेखाली लुळा. अरे, हा तर दादा!

या पुस्तकाचा लेखक दोन महिने घरी येऊन बसायचा. तिच्या हातचा चहा प्यायचा. "मला खराखुरा माणूस लिहायचाय," म्हणायचा. दादा असला खुलला की विचारू नका. कुणाला न सांगितलेलं त्याला सांगून बसला. तीन वर्षांपूर्वी दुखण्याच्या गोळ्या तोंडात कोंबल्या होत्या, तेसुद्धा. तेव्हापासून गोळ्यांचा डबा ती स्वतःच्या पिशवीत घालून कामावर नेते.

तिने गठ्ठा उपसून शेवट काढला. पुस्तकातला घड्याळजी गरीब गाय. कुणाला उलटून बोलणार नाही, सदा डोळ्यांत पाणी. शेवटच्या फर्म्यात बहिणीला आपलं ओझं नको म्हणून गोळ्या घेतो आणि मरतो. बहीण मोकळी होते.

मोकळी! जेवायच्या सुट्टीत ती न जेवता लेखकाच्या दारात.

"दादा मेलेला नाही, साहेब."

"अगं, तो तुझा दादा नाही. पात्र आहे ते."

"मग खिडकी कुणाची? गोळ्या कुणाच्या? आणि तो पत्त्यांत लबाडी करतो, ते कुठंय? समोरच्या शिंपिणीला बघून शिट्टी मारतो, ते कुठंय? माझ्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवतो आणि ताट चाटूनपुसून खातो, ते?"

"ते त्याला शोभत नाही. वाचक मग हळहळणार नाही."

"वाचकाचं काय जातंय? हळहळेल आणि पुस्तक मिटून जेवायला बसेल. दादानं हे वाचलं तर त्याला वाटेल, मीच वाट बघत बसलेय!"

लेखक चष्मा पुसत राहिला. "छापून झालंय गं आता."

झालं. बोंबला. इकडे दादा रोज विचारणार, "आलं का माझं पुस्तक?" अख्ख्या गल्लीला सांगून बसलेला. लपवणार तरी किती दिवस?

शेवटी तिने एक प्रत स्वतः शिवली. शेवटचा फर्मा गाळून. गाळलेला पिशवीत घातला. दादाची पानं, कचऱ्यात कशी टाकायची?

रविवारी दादाने खिडकीत बसून पुस्तक संपवलं.

"ए माकडे, शेवटची पानं कुठायत?"

"राहिली असतील. होतं कधी कधी."

"तुझ्या हातून? बारा वर्षांत कधी झालं नाही ते?"

तिने पिशवी मागे सरकवली.

"मरतो ना तो?" दादा म्हणाला. "चाळिसाव्या पानावरच कळलं मला. इतका गुणी माणूस जगेल कसा! आण ती पानं."

"नाही."

"मग काय, मी उठून घेऊ?"

हा त्याचा नेहमीचा विनोद. एरवी ती हसायची. आज हसू फुटेना. तिने फर्मा दिला आणि पिशवीतला गोळ्यांचा डबा काढून, दोन्ही हातांनी धरून उंबऱ्यात बसली. टेबलावरची सगळी घड्याळं आपापली टिकटिकत होती.

दादाने पेन्सिल घेतली. "'भिंतीला टेकून रडला.' खोटं. त्या भिंतीला ओल आहे, मी कशाला टेकतोय?" रेघ मारली. "'बहिणीच्या हातचं अमृतासारखं लागायचं.' हे तर सपशेल खोटं." आणखी एक रेघ.

मग पेन्सिल एका ओळीवर थांबली ती थांबलीच.

"ओझ्याचं तू सांगितलंस त्याला?"

"तुझी शपथ दादा, नाही!"

"हं. मीच सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "अख्ख्या पुस्तकात तेवढं एक बरोबर लिहिलंय मेल्यानं."

त्या ओळीवर रेघ न मारताच त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तो डबा ठेव आता खाली. हात भरून येतील."

तिने ठेवला नाही.