तांब्याच्या हंड्यातला पालक

इकडे उत्तरेत, इंदिरा नगरच्या आमच्या गच्चीवर मी पाइप आडवे टाकले, त्यांना भोकं पाडली आणि मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर पालक लावला. शेजारच्या भाभी मलिहाबादच्या आंब्याच्या बागेत वाढलेल्या. त्या बघायला आल्या.

"बिना मिट्टी के पालक? भाभीजी, ये तो मरीज़ को ग्लूकोज़ चढ़ाना हुआ!"

"तो चढ़ने दीजिए," मी म्हटलं.

नवरा रेल्वेत इंजिनियर. त्याला त्याच जागेवर सोलर पॅनल हवे होते. शेवटी ठरलं की फेब्रुवारीअखेर पालक हिरवा दिसला नाही, तर पाइप उतरवायचे. हे ठरवताना तो हसत होता, ते मला खटकलं.

पाण्याच्या टाकीसाठी मी माहेरचा तांब्याचा हंडा काढला. तांब्याचं पाणी चांगलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय खताच्या पुडीवर लोह, जस्त, तांबं असं सगळं छापलेलं होतंच. म्हणजे झाडांनाही चांगलंच, असा माझा हिशोब.

जानेवारीत नवी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडलं की असंच होतं, म्हणून मी लोह वाढवलं. पानं आणखी पिवळी. मुळं आखूड आणि तपकिरी.

"अगं, सोड आता हट्ट," नवरा म्हणाला.

"फेब्रुवारी संपलाय का?"

एका रविवारी हंडा रिकामा केला. बाहेरून मी तो घासला होता, पण आतून तो कित्येक वर्षांचा काळा होता. आता आतून लखलखत होता. चिंचेनं तांबं घासणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. इथलं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. त्यात झाडाला लोह घेता येत नाही, म्हणून मी रोज मोजून आम्ल घालत होते. ते आम्ल हंडा घासत होतं आणि निघालेलं तांबं पालकाच्या मुळांशी जात होतं. झाडाला तांबं लागतं, पण नावापुरतं. जास्त झालं की मुळं जळतात, मग लोह कितीही ओता, वर चढत नाही.

"म्हणजे तुझ्या माहेरच्या हंड्यानं घात केला!" नवऱ्याला फार आनंद झाला.

"हंड्यानं नाही. मी केला."

सगळं पाणी मोरीत ओतलं, पाइप धुतले, प्लास्टिकचा ड्रम आणला. खत पुन्हा मोजून घातलं, लोह पुडीवर लिहिलंय तेवढंच.

फेब्रुवारीअखेरीस नवरा सोलरवाल्याला घेऊनच वर आला. झाडं ठेंगणी होती, काही मेलीही होती. पण उरलेल्यांच्या मधली कोवळी पानं हिरवी निघाली होती.

"अर्धं तर पिवळंच आहे," नवरा म्हणाला.

"जुनं पान पुन्हा हिरवं होत नाही. नवं बघायचं."

"हिरवा पालक ठरला होता."

मी खाली बसले आणि एकेका झाडाची पिवळी पानं खुडून बादलीत टाकली. ती खाण्याजोगी नव्हतीच.

"आता सांगा, कुठला रंग दिसतो?"

सोलरवाला टेप हातात धरून उभा. "मैडम, नापना है कि नहीं?"

"नापिए ना, भैया. ज़ीने के ऊपर वाली छत."

"तिथं चारच पॅनल बसतील," नवरा म्हणाला.

"मग चार बसवा," मी म्हटलं आणि शिडी आणून दिली.