चौदा नंबरच्या पोर्टची वायर

हे लिहू की नको, यात तीन आठवडे गेले. ओळखीचे लोक वाचतील आणि म्हणतील, "तू पण?" आमच्या घरी अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. वडील नातेपुत्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी भूत पाहिलं म्हणालं की ते चप्पल घालून उभे राहायचे — "कुठं? चल, दाखव." मी त्यांचीच मुलगी.

सोलापुरात मी कारखान्यांची, दवाखान्यांची नेटवर्कं सांभाळते. अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथली फायरवॉल, म्हणजे सगळं नेट ज्यातून आत-बाहेर जातं ते राखणदार यंत्र, मीच बसवलेली. ओपन सोर्स, जुन्या कॉम्प्युटरवर चालणारी. दोन वर्षांत एकदाही कुरकुर नाही. एके दिवशी सकाळी अकराला तिथले मॅनेजर श्रीनिवासअण्णा यांचा फोन आला.

"म्याडम, नेट येतंय-जातंय की हो! परदेशी पार्टीला डिझाईन पाठवायचंय, अर्ध्यातच तुटतंय."

गेले. आधी नेहमीचं तपासलं. बाहेरची लाइन ठीक. डीएनएस, म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधून देणारी सोय, ठीक. फायरवॉलचे नियम कुणी बदललेले नाहीत. मग लॉग, म्हणजे फायरवॉलची नोंदवही, उघडला, आणि तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा… कुणीतरी दुसरं यंत्र फायरवॉलचाच पत्ता वापरत होतं. म्हणजे एकाच पत्त्यावर दोन घरं. कॉम्प्युटर कधी इकडे जायचे, कधी तिकडे. ही काही नवलाची गोष्ट नाही. कुणीतरी नवा प्रिंटर जोडतं आणि असं होतं. पहिली ओळ १०:४१ ची होती.

प्रत्येक यंत्राचा स्वतःचा एक हार्डवेअर नंबर असतो. तो घेऊन मी स्विच तपासला — सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. नंबर येत होता पोर्ट चौदावरून, म्हणजे त्या डब्याच्या चौदाव्या खाचेतून. तिथला हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अण्णा, चौदा कुठं जाते?"

"मागं, नमुना खोलीत. पण तितं काय न्हाय हो आता. जुने टॉवेल हायेत नुसते."

ती वायर उपसली असती तर नेट लगेच सुरळीत झालं असतं आणि माझं काम संपलं असतं. हात वायरीवर होताच. पण यंत्र कोणतं ते बघायचं होतं मला… एवढंच. दुसरं काही मनात आलं वगैरे नाही, उगीच रंगवून सांगत नाही.

वायरीच्या मागे मागे निघाले. यंत्रमागांचा आवाज इतका, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. शेडच्या टोकाला नमुना खोली. दार लोटलेलं. आत टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे दोन पाय दिसले.

नरसय्या मामा. इथले रंगारी, वय सत्तरीच्या आसपास. घामानं भिजलेले, डोळे अर्धवट, हाक मारली तरी ओ नाही. मी धावत जाऊन अण्णांना आणलं. ते म्हणाले, "मामांना शुगर हाय!" दवाखाना जवळ म्हणून नशीब. शुगर पार खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

मामा वाचले. चौथ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून बसले होते.

"चहा झाल्यावर जुना नमुना काढाया गेलो. साडेधा झाले असतील. गरगरलं. हाक मारावी म्हटलं तर जीभच हलंना. तू कशी आलीस गं तितं?"

"वायरीच्या मागनं, मामा."

त्यांना ते काही कळलं नाही. हसले नुसते.

तिथून सरळ कारखान्यात गेले, कारण मूळ बिघाड शोधायचा तसाच राहिला होता. लॉगमधली शेवटची ओळ ११:५२ ची, साधारण मी दार उघडलं तेव्हाची. त्यानंतर एकही नाही. चौदाचा दिवा बंद. आणि नमुना खोलीत त्या वायरीला जोडलेलं यंत्र… नव्हतंच. वायर खुंटीला गुंडाळून ठेवलेली, टोक कापलेलं, तांब्यावर काळपट थर. अण्णा म्हणाले, तिथला कॉम्प्युटर हलवला तेव्हाच कापली होती. टेस्टर लावला. आठही तारा मोकळ्या, या टोकाला काहीच जोडलेलं नाही.

मग मी पेटलेच. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राचा नंबर तपासला, फोन, कॅमेरे, सगळं. तो नंबर कुठेच नाही. स्विच घरी आणून आठवडाभर चालवला. ठणठणीत. या फायरवॉलच्या फोरमवर लॉग टाकला. चौघांनी चार कारणं सांगितली, चारही करून पाहिली. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लॉग जपून ठेव."

तुमच्यात कुणी नेटवर्कवाले असतील तर जरूर सांगा. फक्त 'लूज कनेक्शन' म्हणू नका, ते कापलेलं टोक मी या हातात धरलंय.

परवा अण्णा ती वायर ओढून काढायला निघाले होते. मीच म्हणाले, राहू द्या.