पेज जेवणात धरत नाहीत

डायट केल्याने माणूस बारीक होतो की नाही, ते मी अजून छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याच्याकडे किस्से मात्र भराभर साठतात. आम्हा तिघांकडे ढीग साठलाय, आणि बहुतेक सगळे डोक्यात तिडीक आणणारे. स्टाफरूममध्ये मी ते सांगायला लागले की नवीन शिक्षक खो खो हसतात. हसा बापडे! ताटात भात न घेता सिंधुदुर्गात महिनाभर राहून दाखवा आणि मग हसा.

तिघं म्हणजे मी, हायस्कूलला भूगोल शिकवणारी, आमचे क्लार्क परब आणि ड्रॉइंगचे तावडे सर. परबांचं पोट शर्टाच्या बटणांना जुमानत नाही आणि माझे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात. या तक्रारी चारचौघांसारख्याच. खरी अडचण होती ती तावडे सरांची.

झालं असं की सातवीतल्या एका मुलीने समुद्राचं चित्र काढलं, छान गडद निळं. सर तिला म्हणाले, "समुद्राला काळा रंग का दिलास?" पोरगी रडायला लागली. सरांनी कागद खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. त्यांना तो काळाच दिसत होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू पिकलेला, मागच्या पडद्याला सूज यायला लागलेली आणि साखर आभाळाला टेकलेली. डॉक्टर म्हणाले, आधी साखर उतरवा, मगच मी डोळ्याला हात लावीन. आणि फार उशीर केलात तर आहे ती नजरही राहायची नाही.

ड्रॉइंग मास्तरला हे सांगितलं, बघा. सर स्टाफरूममध्ये येऊन बसले, तेव्हा मीच म्हटलं की एकट्याने होत नाही ते तिघांनी करू. परबांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि त्याला 'भातबंद' असं नाव दिलं. गोळ्यांचं डॉक्टरांनी बघायचं आणि ताटाचं आम्ही. सकाळी अंडी, डब्यात ओलं खोबरं पेरलेली पडवळाची नाहीतर कोबीची भाजी, रात्री मासे आणि वर वाटीभर सोलकढी. मालवणी माणसाला यात कठीण काय आहे? मासळी दारात येते, नारळ परड्यात पडतो, कोंबड्या अंगणात फिरतात. लो-कार्ब डायट करावं तर याच किनाऱ्यावर. फक्त इथे बाकीची माणसं राहायला नको होती.

*

पहिल्या महिन्यात सरांची साखर इंचभरही हलली नाही. मी त्यांची उलटतपासणीच घेतली. भात खाता? नाही. चपाती? नाही. चोरून लाडू? "देवाशप्पथ नाही, बाई." माणूस खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. मग रविवारी मी आणि परब थेट त्यांच्या मसुऱ्याच्या घरी जाऊन धडकलो.

सरांच्या आईला सगळा गाव 'आये' म्हणतो. बाई ऐंशीच्या पुढची, तोंडात एक दात नाही, पण आवाज देवळातल्या घंटेसारखा. ती म्हणाली, "माझो झील भाताक हात लावणा नाय गो. सकाळी तेवढी पेज पिता."

"पेज?"

"उकड्या तांदळाची. वाडगोभर. नायतर पोटाक आधार काय?"

मी म्हटलं, आये, पेज म्हणजे भातच ना? तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी भूगोल शिकवते कशी याचीच तिला शंका आली असावी. "भात तो भात, पेज ती पेज. पेज कोण जेवणात धरता काय?"

मी सरांकडे वळले. एम.ए. झालेला माणूस! ते खाली बघून म्हणाले, "बाई, खरं सांगतो, माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्याकडे पेज तोंड धुण्यात धरतात."

संताप आला मला. पण घरी जाताना परब स्कूटर थांबवून गंभीरपणे म्हणाले, "बाई, मी पण सकाळी पेज पितंय. ती पण बंद काय?"

*

परबांचं काय सांगू. ग्रुपवर रात्रीच्या ताटाचा फोटो टाकायचा असा आमचा नियम होता. परबांचा फोटो रोज वेळेवर यायचा. तळलेला बांगडा, लिंबाची फोड, कांदा. मी रोज अंगठा दाखवून शाबासकी द्यायची. मग एकदा नीट बघितलं तर बांगड्याची शेपटी त्याच जागी करपलेली आणि लिंबात तीच बी. आम्ही रोज एकाच बांगड्याचं कौतुक करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन जाब विचारला. परब शांतपणे म्हणाले, "बाई, भात कालवल्यार हात खरकटो होता. फोटो कसो काढतलंय?"

त्याच माणसाच्या डब्यात पुढच्या आठवड्यात घावन निघालं. तांदळाच्या पिठाचं, चांगलं ताटाएवढं. मी म्हटलं, परब, लाज आहे का काही? त्यांनी घावन उचलून उजेडाकडे धरलं आणि मला जाळी दाखवली.

"बघा तरी. ह्येच्यात अर्धी भोकाच आसत."

*

घरचं तर बोलूच नका. यूट्यूबवर बघून मी एकदा फ्लॉवर किसून त्याचा भात केला. फ्लॉवर किसायचा, मीठ घालून परतायचा, वर तिखट सुरमईचं कालवण घ्यायचं. खरंच चांगला झाला होता. आमचे हे मुकाट्याने पूर्ण ताट जेवले, बोटं चाटली, पाणी प्यायले. मी म्हटलं, कसा झाला? म्हणाले, "भाजी छान झालीय. आता भात वाढ."

मी उठून गेले.

*

शाळेचं स्नेहसंमेलन पार पडल्यावर स्टाफची तोंडवलीला सहल गेली. समुद्राला लागून एका बाईंची खानावळ होती, नावाजलेली. आम्ही तिघांनी आधीच सांगून ठेवलं की आम्हाला भात नको, मासे दोन जास्त द्या. वाढणाऱ्या मुलीने आत जाऊन निरोप सांगितला. आतली भांडी एकदम थांबली. मग स्वतः मालकीणबाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कोण आजारी आसा?"

कोणी नाही, मी म्हटलं.

"मगे माझ्या कालवणाक काय झाला?"

कालवण उत्तम आहे, मी म्हटलं, आम्ही ते वाटीने पितोय. हे ऐकून तर त्यांचा चेहराच पडला. इतकी वर्षं खानावळ चालवली, पण आपलं कालवण कोणी सूप म्हणून पिईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. तावडे सरांना राहवेना. त्यांनी डोळ्याचं सगळं सांगितलं. बाईंचं मन एकदम विरघळलं. "अरे देवा, आधी सांगूचा नाय?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी आणखी एक पापलेट आणून सरांच्या ताटात ठेवलं. मला वाटलं, चला, या किनाऱ्यावर एक तरी समजूतदार माणूस भेटलं.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा त्या पळत आल्या आणि खिडकीतून सरांच्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं गरमगरम पुडकं ठेवून म्हणाल्या, "इतक्या लोकांसमोर नको म्हणालास, ता समाजलंय मी. आता वाटेत खा."

*

यावर लोक म्हणतात, बाई, एवढं काय मनाला लावून घेता, माणसं प्रेमाने करतात. प्रेमाने करतात हे मलाही दिसतं. पण कसाल गावच्या बारशाला काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

तोवर पेज बंद झाली होती. साखर चांगली उतरली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही दिली होती आणि रोज स्टाफरूममध्ये सर बोट टोचून मशीनवरचा आकडा आम्हाला दाखवायचे. त्याच आठवड्यात सरांच्या भाचीच्या मुलाचं बारसं. मी बजावलं होतं की जाऊ नका. सर म्हणाले, भाचीचं पहिलं मूल, गेलंच पाहिजे. म्हणून मी आणि परबही पहारा द्यायला गेलो.

पहारा कसला! सरांचे एक मामा आहेत, रिटायर्ड, गळ्यात सोन्याची चेन आणि खिशात गोळ्यांचा डबा. ते लाडवांचं ताट घेऊन सरांच्या पुढ्यात येऊन बसले. सर हात जोडून नको म्हणाले. मामा म्हणाले, "डायबेटीस माका पण आसा. मी जेवणा सोडलंय? डॉक्टर गोळ्ये कशाक देतत? खाऊक मिळूचा म्हणान!" आजूबाजूचे सगळे हसले. एकाने सरांचे हात धरले आणि मामांनी लाडू तोंडात कोंबला. मग दुसरा, बाळाच्या नावाने. मग वडे आले. मी ओरडत होते, पण बारशाच्या गडबडीत बाईमाणसाचं ओरडणं हेही एक गाणंच समजतात.

ऑपरेशनच्या आधीची तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून तारीख रद्द केली.

त्या दिवशी सर वर्गातून बाहेर आले ते भिंतीला हात लावत. नजर आता आणखी धुरकट व्हायला लागली होती. मी संतापाने मामांना फोन लावला आणि काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते सगळं ऐकून मामा शांतपणे म्हणाले, "बाई, एका लाडवान कोणाचो डोळो जाता काय? तेका नजर लागली आसतली. आयेक सांगा, देवळात गाऱ्हाणा घाल म्हणान."

*

आणि आयेने ते मनावर घेतलं.

मधले दिवस सरांनी कसे काढले ते आम्ही बघितलं आहे. कोणाच्या दारात गेले नाहीत, कोणाचं ताट घेतलं नाही. शेवटी साखर पुन्हा उतरली, डॉक्टरांनी नवी तारीख दिली. सकाळी तपासणी, आकडा बरोबर असला तर दुपारी ऑपरेशन. आये म्हणाली, आदल्या संध्याकाळी देवाला सांगितल्याशिवाय माझा मुलगा घराबाहेर पाऊल टाकणार नाही.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचं म्हणजे मनातल्या मनात हात जोडणं नव्हे. गावकार, म्हणजे गावचा मानाचा माणूस, देवासमोर उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तुमचं दुखणं देवाला खणखणीत आवाजात सांगतो, आणि दर वाक्याला जमलेली माणसं होकार भरतात. त्या संध्याकाळी देऊळ भरलेलं होतं. मी आणि परब खांबाशी उभे होतो. मामाही आले होते, पुढेच, चेन घालून.

गावकार सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलेलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तेचो डोळो अधू झालो हा. उद्या डॉक्टर डोळ्याक हात लावतलो. तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्या अंगात जी काय साखर चढली आसात, ती आजच्या आज खाली उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीसुद्धा ओरडले. परब तर सगळ्यात मोठ्याने.

आणि लगेच गावकारांनी प्रसाद वाटायला घेतला. गूळ-खोबरं घालून कालवलेले पोहे, वर केळ्याच्या चकत्या. पहिला मान सरांचा. सरांची ओंजळ काठोकाठ भरली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ताच साखर उतरव म्हणून देवाला सांगितलं ना? मी पुढे सरसावले तर परबांनी माझा हात धरला. देवाच्या दारात प्रसादाला नको म्हणायची कोणाची छाती आहे? मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खा रे खा. देवाच्या प्रसादान काय साखर वाढणा नाय." माना डोलल्या. सर ओंजळीकडे बघत उभे. दिसत तरी होतं की नाही कोण जाणे. सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात हळूहळू तोंडाकडे नेले.

तेवढ्यात आये उठली. गर्दीतून वाट काढत पुढे आली, मुलाचं मनगट धरलं आणि त्याची ओंजळ आपल्या ओंजळीत रिकामी करून घेतली. एक कणही खाली सांडू दिला नाही. मग देवाकडे तोंड करून, गावकारांपेक्षाही मोठ्या आवाजात म्हणाली,

"म्हाराजा, ह्येचो प्रसाद मी खातंय. गुण तेका दी."

आणि तिथेच उभी राहून खायला लागली. दात नाहीत, पोहे चघळायला वेळ लागतो. मामा छताकडे बघत होते. गावकार देवाकडे बघत होते. होकार भरायचं कोणाला सुचलं नाही. आयेने शेवटचा घास गिळला, हात पदराला पुसला आणि वळून सगळ्या देवळाकडे बघितलं.

"काय रे? व्हय म्हणाक जड जाता?"

"व्हय म्हाराजा!"