आत्यांनी लावलेले सूर

माझ्या सासूबाईंना माउथ ऑर्गनवर एक ओळसुद्धा वाजवता यायची नाही.

पण उतरलेला सूर पुन्हा जागेवर आणायच्या.

आज सकाळी त्या गेल्या. मी त्यांना आत्या म्हणायचे.

१९९८ मध्ये आम्ही दौंडजवळच्या राहू गावात होतो. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ‘हं’ म्हणणं आणि मान हलवणं, एवढंच उरलं.

मेंढरांमागं फिरायचे तेव्हापासून आप्पा माउथ ऑर्गन वाजवायचे. पुढं मेंढरं विकली, उसाची शेती आली, तरी तो खिशात असायचाच.

डॉक्टर म्हणाले, ओठांना व्यायाम पाहिजे, फुगे फुगवायला द्या.

आप्पांनी फुगा फेकला. खुणेनं माउथ ऑर्गन मागितला.

फुंकला. दोन-तीन सूर पार बसलेले. तो खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवायलाही उठेनात.

मिस्टरांनी पुण्याहून नवा आणला. त्याची भोकं वेगळ्या अंतरावर. आप्पांच्या वाकड्या झालेल्या तोंडाला ती सापडेचनात.

आत्या म्हणाल्या, "जुनाच नीट करायचा."

दौंडला एक पेटी दुरुस्त करणारे होते. आम्ही दोघी एसटीनं गेलो. ते म्हणाले, "बाई, एवढं बारीक काम मी करत नाही."

आत्या जागच्या हलल्या नाहीत. "तुमी नका करू. कसं करायचं त्ये सांगा."

त्यांनी झाकण उघडून दाखवलं. प्रत्येक सुराची एक पातळ पितळी पत्ती. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जास्त घासली की तुटते.

घरी येऊन आत्यांनी मिस्टरांच्या कंपनीतल्या कामाची एक बारीक कानस त्यांच्याकडून मागून घेतली. पत्तीखाली ब्लेडचा तुकडा सरकवायचा, हलकेच घासायचं, मग आप्पांच्या तोंडाशी धरायचं. त्यांच्या उजव्या ओठातून हवा निसटायची, म्हणून तो कोपरा आत्या बोटांनी दाबून धरायच्या.

आप्पा फुंकायचे. मान हलवायचे. नाही.

पुन्हा घासायचं.

तिसऱ्या दिवशी पत्ती तुटली.

आत्यांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या हातनं वाटुळं झालं."

आप्पांनी डाव्या हातानं माउथ ऑर्गन त्यांच्याकडं सरकवला. "हं."

म्हणजे, आता पुढची पत्ती घे.

ते भोक मुकंच राहिलं. बाकीच्या सुरांवर दोघं रोज दुपारी बसायची. आमची शेजारीण एकदा म्हणाली, "म्हाताऱ्याला काय कळतंय आता?"

आत्यांनी मान वरही केली नाही. "त्यांचं बोलणं गेलंय. कान न्हाई गेलं."

आणि एका दुपारी आत्यांनी विचारलं, "आता वो?"

आप्पांनी फुंकलं, थांबले आणि म्हणाले, "बराबर."

स्ट्रोकनंतरचा त्यांचा पहिला शब्द. मी स्वयंपाकघरातून धावत आले. आत्या पदरात तोंड घालून रडत होत्या.

पुढं थोडं थोडं बोलणं आलं, सगळं नाही आलं. पण माझ्या मुलीच्या बारशाला आप्पांनी अख्खं गाणं वाजवलं. मुक्या भोकाची जागा आली की नुसती मान डोलवायचे.

काही वर्षांनी आप्पा गेले. आम्ही तोवर मिस्टरांच्या नोकरीसाठी कारेगावला राहायला गेलो होतो; आत्या आमच्याकडं आल्या. शेजारच्या खोल्यांत रांजणगावच्या कंपन्यांत कामाला असलेली बिहारची मंडळी राहायची. आत्या सूर लावतात हे ऐकून त्यातला एकजण त्याचा माउथ ऑर्गन घेऊन आला.

"माताजी, इसका सुर बैठ गया है."

मला वाटलं, आत्या नाही म्हणतील. सूर बरोबर लागला हे सांगणारं माणूसच आता नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला, स्क्रू काढले.

मी म्हटलं, "आत्या, जमंल का?"

"हो म्हणणारं कोण न्हाई ऱ्हायलं. आता माझं मलाच ऐकाय पायजे."

संध्याकाळपर्यंत बसल्या. चुकलं, पुन्हा घासलं. तो माणूस गॅलरीत उभा राहून वाजवायला लागला, आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

आत्या, या घरात नांदायला आले हे माझं नशीब.

शांतपणे जा. तुम्हाला मनापासून नमस्कार.