प्रमिलाताईचा मेमो

प्रमिलाताई गेली. आणि आमच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर अजून चालू आहे.

उलट व्हायला पाहिजे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घाटकोपरला मी ज्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, तिथे ती कॅशवर बसायची. बावीस वर्षं. आधी मालक वेगळा होता, बिलबुक होतं, कार्बन पेपर होता. गिऱ्हाईक खोकत आत यायचं आणि खोकला संपायच्या आत बिल घेऊन बाहेर पडायचं.

मग मालकाने दुकान एका मोठ्या कंपनीला विकलं. कंपनीने सॉफ्टवेअर आणलं.

टाय लावलेला एक ट्रेनर आला. म्हणाला, "मॅडम, फक्त दोन क्लिक."

ताईने त्याच्यासमोरच मोजले. अकरा.

गिऱ्हाइकाला चार गोळ्या हव्या असतील तर सॉफ्टवेअरला "चार" कळत नाही. त्याला पंधराची पट्टी कळते. म्हणून ०.२६७ पट्टी टाकायची. मग ते बिल करतं ४.००५ गोळ्यांचं. आणि महिन्याच्या शेवटी स्टॉकमध्ये कुठलीतरी गोळी एवढीशी जास्त निघते.

ऑडिटवाला विचारायला आला, ही जास्तीची कुठून आली?

ताई म्हणाली, "व्याली असेल, साहेब."

आम्ही सगळे हसलो. तो नाही हसला. त्याने लिहून घेतलं.

इथपर्यंत गंमत होती. आता ऐका.

मागच्या हिवाळ्यात, भर दुपारी, दुकानासमोर एक रिक्षा वाकडीतिकडी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला आणि काउंटरला धरून उभा राहिला. चाळिशीचा माणूस. छातीतून शिट्टी वाजत होती. बोलता येईना. त्याने खिशातून रिकामा इनहेलर काढून मला दाखवला.

मी तोच इनहेलर शेल्फवरून काढला. स्कॅन केला.

स्क्रीन म्हणाली, ग्राहकाचा मोबाइल नंबर टाका.

ज्याला श्वास घेता येत नाही त्याला मी नंबर विचारला. हो. विचारला.

मग दहा वेळा नऊ दाबला. रिजेक्ट. स्वतःचा नंबर टाकला. ओटीपी पाठवला म्हणे. माझ्या फोनवर काही आलं नाही. स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं.

बिलाशिवाय औषध काउंटरच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही, हा कंपनीचा नियम. डोक्यावर कॅमेरा. आणि मी, शिकलेली, लायसन्स भिंतीवर टांगलेली बाई, हातात इनहेलर घेऊन त्या चक्राकडे बघत उभी.

ताई खुर्चीवरून ओरडली. चिडली की तिची मालवणी बाहेर यायची.

"गो मेघा, कॉम्प्युटर काय म्हणता ता बघतंस, माणूस मरता हा ता दिसना नाय तुका?"

तिने माझ्या हातातून खोका हिसकावला. दातांनी फाडला. काउंटरबाहेर जाऊन त्याच्या तोंडाला इनहेलर लावला.

"खिंचो भैया. खिंचो. अब रोको. फिर से."

त्याला स्टुलावर बसवून पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दहा मिनिटं. त्याच्या ओठांचा निळेपणा हळूहळू गेला. नंतर तो रडला. पैसे काढून द्यायला लागला, तर बिलाशिवाय ड्रॉवरच उघडेना. नोट स्टेपलरखाली ठेवली.

तेव्हा स्क्रीनवर आलं: सेशन संपले आहे, पुन्हा लॉगिन करा.

चार दिवसांनी एरिया मॅनेजर मेमो घेऊन आला. "बिलाशिवाय औषध दिले. शिस्तभंग."

तिने सांगितलं, माणूस मरत होता.

तो म्हणाला, "मॅडम, माणसाचा विषय नाहीये. प्रोसेसचा विषय आहे."

हे वाक्य मी शब्दशः लिहितेय. एकही शब्द माझा नाही.

माफीनामा लिहा, विषय संपला, असं म्हणाला. ताईने पेन घेतलं आणि मेमोच्या खालीच लिहिलं: "होय, दिले. पुन्हा देईन. कॉम्प्युटरला दम लागत नाही, म्हणून त्याला घाई नव्हती."

मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदार म्हणून सही.

मी केली.

फार्मासिस्ट मी. औषध द्यायचा अधिकार माझा, द्यायचं काम माझं. मेमो तिला, आणि त्यावर सही माझी.

तिची बदली मानखुर्दच्या गोदामात झाली. छप्पन्न वर्षांची बाई, दिवसभर उभी राहून खोक्यांवर स्टिकर चिकटवायची. मी महिनाभर फोन केला नाही. मग तिनेच केला.

मी म्हटलं, ताई, माझ्या जागी तू असतीस तर...

"मी सही नसती केली, गो," ती म्हणाली. "पण तुझ्या पगारावर चार माणसं जेवतत, माका माहीत आसा. राग नाय तुझ्यावर. जेवलंस?"

परवा ती गोदामातच चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काल संध्याकाळी कंपनीच्या ग्रुपवर तिचा आयकार्डवरचा फोटो आला. खाली एरिया मॅनेजरचा मेसेज. "आमच्या परिवारातील एक समर्पित सदस्य."

परिवार!

मी तिथेच लिहिलं, "सर, तिचा मेमो अजून फाईलमध्ये आहे. आधी तो काढा, मग फुलं वाहा."

सगळ्यांनी वाचलं. अर्ध्या तासाने मला ग्रुपमधून काढलं.

आज सकाळी हेड ऑफिसला जाऊन पत्र देऊन आले. त्या दिवशी औषध देणं माझी जबाबदारी होती, ती मी पार पाडली नाही, ती प्रमिला परब यांनी पार पाडली. साक्षीदार म्हणून केलेली सही मी मागे घेते. पोच घेतली, शिक्क्यासकट.

नोकरी राहील का माहीत नाही. बघू.

हे तू असताना करायला पाहिजे होतं, ताई. केलं नाही.

ये आता. नमस्कार करते तुला.