द्राक्षबागेच्या जागी मेंढ्या

हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी खानावळ चालवायचे. कॉम्प्युटरच्या नव्या कंपन्या शहरात आल्या आणि त्यांच्या मागोमाग पुण्यामुंबईची मुलंमुली आली. त्यांना घरचं जेवण हवं होतं, आणि मला ते करता येत होतं. माझं मटण उत्तम होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण एका वर्षी बाजारातून येणारं मटणच बिघडलं. शिजताना नुसतं पाणी सुटायचं, रश्श्याला चव यायची नाही. मी दोनदा खाटीक बदलला. काही फरक पडला नाही.

त्याच सुमारास जामबागच्या शाळेतली माझी जुनी मैत्रीण आबिड्सच्या बाजारात भेटली. ती शंकरपल्लीच्या पलीकडे एका तेलुगू शेतकरी घरात दिलेली. रस्त्यात उभ्याउभ्याच मी तिला माझं रडगाणं ऐकवलं. ती म्हणाली, आम्ही द्राक्षं काढून टाकली, आता मेंढ्या पाळतो, एकदा येऊन बघ. पुढच्या सोमवारी मी खानावळ बंद ठेवली आणि बसनं गेले.

तिचा नवरा आम्हाला रानात घेऊन गेला. हैदराबादेत सगळे बोलतात तसं तो दखनी हिंदीतच बोलायचा. वर्षानुवर्षं त्यानं द्राक्षबागेला पोत्यांनी खत घातलं होतं आणि दर हंगामाला औषधं मारली होती. शेवटी माती विटेसारखी झाली. "जमीन थक गई थी," तो म्हणाला. वेली उपटल्या तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. त्याच्या वडिलांनी तर महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

आता तिथं गुडघाभर गवत होतं, आणि काळ्या दखनी मेंढ्या एका पट्ट्यात दाटीनं चरत होत्या. भोवती काठ्यांना बांधलेली जाळी. रोज सकाळी नवराबायको मिळून ती जाळी उचलायची आणि पुढच्या पट्ट्यावर लावायची. चरून झालेल्या पट्ट्यात पुन्हा गवत वाढल्याशिवाय मेंढ्यांना पाऊल टाकू द्यायचं नाही. मेंढ्यांच्या मागे कोंबड्या सोडलेल्या. त्या लेंड्या उकरून किडे टिपत होत्या. शेतात मेंढ्या बसवतात हे मी लहानपणापासून ऐकून होते, पण ते धनगर रात्रभर थांबून पुढे जायचे. इथं मेंढ्या वर्षभर घरच्याच होत्या आणि त्यांचं फिरणं आखलेलं होतं. मी वाकून मूठभर माती उचलली. भुसभुशीत, ओलसर, पावसानंतर कुंडीतली असते तशी.

दुपारी मैत्रिणीनं मांडीचं मटण माझ्यासमोर ठेवलं आणि चुलीपाशी मलाच बसवलं. शिजायला माझ्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. तेल मी निम्मंच घातलं होतं, तरी वर तवंग आला. तिच्या सासऱ्यांनी, त्या न बोलणाऱ्या मामय्यांनी, दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. मी पहिला घास खाल्ला आणि ठरवून टाकलं.

"तुमच्याकडे निघेल तेवढं सगळं मी घेते," मी म्हणाले. "दर रविवारी. बारा महिने."

मैत्रिणीनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बारा महिने नाही जमणार गं. गवत आहे तोवर. चैत्र-वैशाखात आम्ही एकही कापत नाही. आणि पावसाळ्यात नवं गवत फुटलं की महिनाभर त्यांना अंग धरू द्यायचं."

"माझ्याकडची मुलं तेवढ्यात दुसरी खानावळ शोधतील."

"मग तुला बाजारच बरा," ती शांतपणे म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तरी मला लागलं. परतीच्या बसमध्ये मी हिशेब बदलत राहिले. पावसाळ्यातला तो महिना म्हणजे आमचा श्रावण; माझी निम्मी गिऱ्हाइकं तेव्हा तशीही मटणाला शिवत नाहीत. राहिला उन्हाळा. उन्हाळ्यात मी अंबाडीची आंबट डाळ, भरली वांगी, कच्च्या आंब्याचा आंबट भात, पुलिहोरा, केला तर? घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो सरकारी नोकरीतला माणूस, सावध. मटण नसलेल्या रविवारी पानं रिकामी राहतील, असं त्याचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, "मी रांधणार असेन तर नाही राहणार."

पहिल्या उन्हाळ्यात कुरकुर झाली. तिघेजण सोडून गेले, त्यातले दोघे परत आले. बाकीच्यांना मी रविवारी वाढताना सांगायचे, गवत वाळलंय, मेंढ्या थांबल्यात, तुम्हीही थांबा. मुलं हसायची आणि डाळ मागून घ्यायची. श्रावण संपून मटण पुन्हा सुरू झालं त्या रविवारी पाहुण्यांना बसायला व्हरांड्यात चटया टाकाव्या लागल्या.

पुढे त्या रस्त्याला जमिनी घ्यायला शहरातले दलाल गाड्या घेऊन फिरू लागले. मैत्रिणीच्या दारातही आले, आणि चहा पिऊन परत गेले. पण शेजारच्या शेतकऱ्यानं विकायच्या आधी आपली वाळलेली बाग दोन वर्षांसाठी मैत्रिणीच्या मेंढ्यांना चरायला दिली. तिसऱ्या वर्षी तिथं गवत उभं राहिलं आणि त्यानं विकायचा विचार सोडला. त्याच्या घरच्यांनी स्वतःच्या मेंढ्या घेतल्या. दिवाळीत मी नवऱ्याला तिकडे घेऊन गेले. त्यानं चपला बांधावर काढून ठेवल्या आणि बराच वेळ गवतात अनवाणी हिंडत राहिला.