मुठीतलं मीठ

ठमाबाई धवलारणीचं नाव काढलं की आमच्या मिठागरवाडीतले म्हातारे अजून हसतात. ‘झुबकेवाली’ म्हणतात. हसू देत. ह्यांच्याच बायका पदराखाली झुबका लपवून तिच्या दारातून निघायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनाच फावडं हलकं लागायचं. तोंडं मिटून बसले असते तर मला हे लिहायला लागलं नसतं.

धवलारीण म्हणजे धवले, लग्नविधीची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. न्हावा-शेव्याच्या खाडीकाठी आम्हां आगऱ्यांत तेव्हा तिच्यावाचून लग्न लागत न्हवतं. आमच्या वाडीत हळद उतरली की मांडवात फोकांचा खेळ व्हायचा. नवरा-नवरीनं नुसतं बघायचं. खेळायची ती संसारात मुरलेली जोडपी. एकाच्या हातात निरगुडीचा फोक, म्हणजे लवचीक छडी, आणि मार घेणाऱ्याच्या मुठीत खडेमीठ. मूठ मिटलेली तोवर खेळ चालू. मीठ सांडलं की हात जागच्या जागी थांबला पाहिजे. मांडवातल्या गलक्यात ‘पुरे’ म्हटलेलं ऐकू जात न्हाय, आणि हसत हसत ‘पुरे, पुरे’ म्हणणाऱ्या बाईला कधीकधी आणखी हवं असतं. म्हणून मीठ.

हा खेळ कुणाकुणाला घरीही हवासा वाटायचा. मग ते ठमाबाईकडं यायचे. केळीच्या सोपटाचे पदर काढून, गोड्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून ती मऊ झुबका वळायची, मुठीत धरून मारायचा, अनेक पदरांचा. माणूस बघून वस्तू द्यायची.

“फोक बारीक, तो चावतो. झुबका पसरतो, ऊब देतो. तुला चावरा पायजे का उबारा?” असं ती भर दुपारी अंगणात विचारी आणि समोरचा बाप्या घामाघूम होई. बैलाच्या आसुडाची वादी कापून द्या म्हणत एक गाडीवाला आला, त्याला तिनं फाटकातूनच परतवलं. “त्या वादीनं तू बैलावं राग काढतंस. ती बाईच्या अंगाला लावाची न्हाय.”

झुबका नवऱ्याच्या हातात देताना तिचं बोलणं ठरलेलं. “पयला आपल्या मांडीवं मार. तुला सोसंल त्याच्या निम्म्यानं सुरू कर. मांसावं मार, मांडीवं, ढुंगनावं. पाठीच्या कन्यावं न्हाय, कुशीवं न्हाय, मानंवं तर न्हायच. ताडी प्यायलास तर झुबका आढ्यालाच ऱ्हाऊ दे. झाल्यावं खोबरेल लाव, पानी पाज, जवल बस. पाठ फिरवून घोरलास तर मना कललाच समज.”

गोदूनं झुबका नेला तो स्वतः येऊन. चांगली पंचविशीतली बाई, मिठाच्या पाट्या वाहून मान ताठ झालेली. तिचा नवरा बुधाजी मागं उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. पुढं सालभर दोघांचं गोडीत चाललं. गोदू मिठागरावर गाणी म्हणायला लागली.

मग बुधाजीनं मिठागरातला माणूसच करील असा गाढवपणा केला. आमच्यात फावड्याचे दांडे, दोर, टोपल्यांच्या कामट्या, सगळं खाऱ्या पाण्यात मुरवतात. कीड लागत न्हाय. सोपट वाळून हलकं झालं, फटका फुसका लागतो, म्हणून ह्यानं झुबका आगरातल्या खाऱ्या पाण्यात बुडवला आणि उन्हात टाकला. पदरापदरावर मिठाचे खडे धरले. मऊ झुबक्याची करवत झाली. आपल्या मांडीवर मारून बघितलं असतं तरी कळलं असतं. न्हाय बघितलं.

एवढंच असतं तर चूक म्हणून सोडलं असतं. पण पहिल्याच फटक्याला गोदूची मूठ उघडली. मीठ खाली पडलं, ह्याच्या पायाखाली करकरलं, आणि हा मारत राहिला.

गोदू तशीच चालत ठमाबाईच्या दारात आली. लुगडं पाठीला चिकटलेलं. ठमाबाईनं गोड्या पाण्यानं जखमा धुतल्या, खडे काढले. हातानं हळू धूत होती आणि तोंडानं बुधाजीच्या घराण्याला एकही शिवी शिल्लक ठेवत न्हवती.

बुधाजी गेला पंचांकडं. बायको घर सोडून बसली, परत पाठवा. मिठाच्या सत्याग्रहानंतरची ती दुसरी सुगी. गोऱ्या सरकारला दम देणारे आमचे पंच मरीआईच्या पारावर बसले, मधी त्यांचा मुखत्यार तुळशीराम, मुंबईला मचवा नेणारा. मिठागरावरून बाया पाट्या घेऊन आल्या, कडेला उभ्या राहिल्या.

“झुबका कोनी आनला?” तुळशीरामनं विचारलं.

“मी,” गोदू म्हणाली.

“मार म्हनून कोन बोलला?”

“मीच.”

पारावर खिदळणं सुरू झालं. मागून एक ओरडला, “मंग रडतंस कनाला गो? मागितलास तो मिलाला!”

“मागितला तो मिलाला न्हाय, म्हनून तर आयलीय.”

“त्या काय न्हाय,” तुळशीराम म्हणाला. “एकदा व्हय बोललीस. आता मधीच न्हाय म्हनाला काय पोरखेल हाय? नवऱ्याच्या घरी जा.”

ठमाबाई उठली. “ए तुलशीराम! तुज्या मचव्यात बसून मानूस मुंबईला निंगाला, आनि मधी पानी शिराला लागला, तर तो मचवा मागं फिरव म्हनेल, का आदी व्हय बोललू म्हनून बसल्या जागी बुडंल?”

“मचव्याचा हितं काय काम?”

“मंग कामाचा इचारते. बुधाजी, हिच्या मुठीतला मीठ सांडला का न्हाय?”

बुधाजी खाली बघून म्हणाला, “सांडला. पन त्या मांडवातला. घरात कोन बघतो? घरात मीठ कनाला पालाचा?”

हे त्यानं मरीआईसमोर सांगितलं, आणि पाच पंचांपैकी एकाचीही भुवई हलली न्हाय. मला त्या फटक्यांपेक्षा ह्या पाच भुवयांचा संताप जास्त येतो. तुळशीराम घसा खाकरून म्हणाला, “तर पंचांचा निकाल असा हाय, की...”

ठमाबाईनं शेजारच्या पाटीत हात घातला आणि मूठभर मीठ त्याच्या पायाशी सोडलं.

“मीठ सांडला. थांब.”

“बाई, हा मांडव न्हाय—”

दुसरी मूठ पडली. ही मनुबाईची, तुळशीरामच्याच बायकोची. “घरी तर माजी मूठ नीट उघडायच्या आदी थांबतंव,” ती म्हणाली. “आता चार मानसांत काय झाला तुमाला?”

पार असा हसला की झाडावरचे कावळे उडाले. पण ह्या वेळी गोदूला कुणी हसत न्हवतं. तुळशीरामचे कान लाल झाले. एकेक बाई पुढं येऊन मूठ सोडत होती, आणि निकाल त्याच्या तोंडातच राहिला. गोदू परत गेली न्हाय.

पंचांनी मात्र सूड घेतला. पुढच्या सालापासून फोकांचा खेळ बंद, का तर असभ्य. लग्नाला अलिबागहून भट. फोक बंद केले ह्या शहाण्यांनी, घराघरातल्या काठ्या न्हाय. त्या काठ्यांना कुणी व्हय म्हटलेलं नसतं, मुठीत मीठ नसतं. त्या सभ्य!

काही वर्षांनी गोदूनं काडीमोड घेऊन पालीकडच्या बाबाजीशी पाट लावला. भातशेतीवाला, मोठ्या हातांचा, कमी बोलणारा. त्याला घेऊन ती ठमाबाईकडं आली.

“झुबका पायजे.”

ठमाबाईनं तंबाखूची चिमूट ओठाआड दाबली. “अजून हौस हाय तुला?”

“हौस माजी हाय. त्या मेल्यानं नेली न्हाय ती.”

ठमाबाईनं बाबाजीला आपादमस्तक बघितलं. झुबका काढला, पण त्याच्या हातात दिला मिठाचा खडा. “पयला तू मूठ धर. ही मारंल.”

बाबाजी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. गोदूनं एक हलका मारला, मग एक जरा जोरात. तिसऱ्यासाठी हात वर गेला आणि खडा जमिनीवर पडला.

गोदूचा हात वरच थांबला.

“मूठ उघडली का हात थांबतो, ह्या मानसाला ठावं झाला आता,” ठमाबाई म्हणाली, आणि झुबका फडक्यात बांधून गोदूच्या हातात दिला.